कूपर बेटाची नोंदवही

अलास्काच्या उत्तर टोकाला, उत्कियागविक या गावापासून सुमारे ४० किलोमीटर पूर्वेला, बोफर्ट समुद्रात कूपर बेट आहे. बेट म्हणजे लाटांनी रचलेला वाळू-गोट्यांचा एक लांबट बांध. त्यावर झाड नाही, खडक नाही, चढायला टेकडी नाही. वर्षातले आठ-नऊ महिने ते बर्फाखाली असते; तेव्हा जमीन कुठे संपली आणि गोठलेला समुद्र कुठे सुरू झाला, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाही सांगता येत नाही. उत्कियागविक हे अमेरिकेतले सर्वांत उत्तरेकडचे गाव. २०१६ पर्यंत त्याला बॅरो म्हणत. तिथून पुढे बेटावर जायचे तर बर्फ टणक असेतोवर बर्फगाडीने, नाहीतर तो फुटल्यावर होडीने. अशा या जागी १९७५ पासून दर उन्हाळ्यात काळ्या गिलमॉट पक्ष्याच्या विणीची नोंद ठेवली जात आहे. ध्रुवीय प्रदेशातल्या समुद्रपक्ष्यांची इतकी लांब, आणि मुख्यतः एकाच माणसाच्या हातची, नोंद दुर्मीळ आहे.

काळा गिलमॉट साधारण पारव्याएवढा. उन्हाळ्यात अंग काळेकुळकुळीत, पंखावर ठसठशीत पांढरा डाग, पाय आणि तोंडाचा आतला भाग लालभडक. हिवाळ्यात हाच पक्षी जवळजवळ पांढरा होतो. थंडी वाढली की बहुतेक समुद्रपक्षी बर्फापासून दूर दक्षिणेकडे जातात. आर्क्टिकमधला हा गिलमॉट मात्र बर्फाच्या कडेकडेने राहतो, कारण त्याचे अन्न बर्फाशी बांधलेले आहे. समुद्रबर्फाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म शैवाल वाढते, शैवालावर बारीक कवचधारी जीव जगतात आणि त्या जीवांवर आर्क्टिक कॉड हा लहानसा, तेलकट मासा. बर्फाच्या खळग्यांत तो लपून असतो. गिलमॉट बुडी मारून त्याला पकडतो आणि पिलासाठी एका खेपेला एकच मासा चोचीत धरून आणतो. एका खेपेला एक मासा, ही बाब या प्रकरणात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

हा पक्षी अंडी घालतो ती कपारीत किंवा बिळासारख्या पोकळीत. कूपर बेटावर कपार नाही. तरीही तिथे वसाहत झाली, ती माणसाने टाकून दिलेल्या सामानामुळे. १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने बेटावर लाकडी खोकी आणि फळ्या मागे सोडल्या होत्या. १९६८ मध्ये प्रुडो बे येथे तेलाचा प्रचंड साठा सापडला आणि तेलविहिरी समुद्रात शिरल्या तर किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीचे काय होईल, याची पाहणी सुरू झाली. त्या काळात, १९७२ मध्ये, जॉर्ज डिव्होकी या तरुण पक्षिशास्त्रज्ञाला उपड्या पडलेल्या खोक्यांखाली गिलमॉटच्या थोड्या जोड्या अंडी घालून बसलेल्या दिसल्या. १९७५ मध्ये तो परत आला. फळ्या, खोकी उलटीपालटी करून, टेकू देऊन त्याने आणखी पोकळ्या तयार केल्या, आणि जागा मिळताच पक्षी येत गेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसाहत २०० जोड्यांच्या पुढे गेली.

माणसाने वाढवलेली वसाहत शास्त्रीय अभ्यासाला चालेल का, ही शंका रास्त आहे. इथे मात्र त्या कृत्रिमपणाचा फायदाच झाला. कड्यांवर राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांची घरटी माणसाच्या हाताला लागत नाहीत. कूपर बेटावर प्रत्येक घरट्याला क्रमांक आहे, प्रत्येकाचे झाकण उचलून आत पाहता येते. पोकळ्यांची संख्या ठाऊक असल्याने किती जागा भरल्या आणि किती रिकाम्या राहिल्या, हेही नेमके सांगता येते.

दैनंदिन काम साधे आणि चिवट आहे. जूनमध्ये पक्षी किनाऱ्यावर आले की घरट्यांची फेरी सुरू होते. पहिले अंडे कोणत्या दिवशी पडले, दुसरे कधी, दोन्ही फुटली की नाहीत, हे लिहायचे. मादी साधारणपणे दोन अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने ती उबवतात, सुमारे २८ दिवसांनी पिले बाहेर येतात आणि पुढे पाच आठवडे घरट्यात राहतात. या काळात पिलांचे वजन होते, पंखाची लांबी मोजली जाते, आईबाप कोणता मासा आणतात ते टिपले जाते. पिलू घरटे सोडते ते एकटेच. समुद्रात गेल्यावर आईबाप त्याला भरवत नाहीत. त्यामुळे निघताना त्याच्या अंगावर किती चरबी आहे, यावर त्याचे जगणे ठरते, आणि म्हणूनच शेवटच्या वजनाची नोंद महत्त्वाची. उडण्यापूर्वी प्रत्येक पिलाच्या पायात क्रमांक कोरलेले धातूचे कडे घालतात. वसाहतीत वीण करणाऱ्या पक्ष्यांना रंगीत कडीही असतात, म्हणजे पक्षी न पकडता, दुर्बिणीतून तो कोण हे ओळखता येते.

कड्यांचा हा खटाटोप कशासाठी, तर निव्वळ जोड्यांची संख्या फसवी असते. समुद्रपक्षी दीर्घायुषी असतात. अंडी कमी घालतात, वर्षानुवर्षे घालतात. एखाद्या वर्षी एकही पिलू जगले नाही तरी पुढच्या उन्हाळ्यात तेच प्रौढ पक्षी परत येतात आणि जोड्यांचा आकडा तसाच राहतो. शिवाय भरभराटीच्या काळात वसाहतीभोवती घरटे न मिळालेल्या पक्ष्यांची एक फळी असते. कूपर बेटावर १९८०च्या दशकात अशा उमेदवारांची रीघ होती. एखादा पक्षी मेला की त्याची जागा लगेच भरून निघे आणि मोजणाऱ्याला काही घडले आहे असे दिसतही नसे. ही फळी आटते तेव्हा आकडा एकदम कोसळतो, पण खरे नुकसान त्याआधी कितीतरी वर्षे चालू असते. म्हणून तीन-चार गोष्टी शेजारी शेजारी मोजाव्या लागतात: जोड्या किती, दर जोडीमागे किती पिले उडाली, मागच्या वर्षीचे प्रौढ पक्षी किती परतले, आणि नवे आलेले पक्षी इथेच जन्मलेले आहेत की बाहेरचे. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे कड्यांशिवाय मिळत नाहीत.

समुद्राकाठच्या उभ्या कड्यांवरच्या वसाहतींत हे सगळे फार अवघड होते. नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधोमध, ७४ अंश उत्तर अक्षांशावर, ब्यर्नोया म्हणजे अस्वलबेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाच्या कड्यांवर साधा गिलमॉट आणि ब्रुनिखचा गिलमॉट हे काळ्या गिलमॉटचे मोठे भाऊबंद लाखोंनी जमतात. ते घरटे बांधत नाहीत, उघड्या कपारीवर एकच अंडे ठेवतात. तिथे एकेक जोडी मोजणे अशक्यच. मग कड्याचे ठरावीक पट्टे निवडतात, दरवर्षी त्याच जागेवरून, उबवणीच्या त्याच दिवसांत, त्या पट्ट्यांतले पक्षी पुन्हा पुन्हा मोजतात आणि फोटो काढून ठेवतात. दिवसातल्या कोणत्या वेळी मोजले, धुके होते का, एवढ्यानेही आकडा बदलतो, म्हणून एका मोजणीवर विसंबता येत नाही.

तरीही या ओबडधोबड पद्धतीने एक अचूक धक्का टिपला. १९८६ मध्ये अस्वलबेटावर साध्या गिलमॉटच्या सुमारे २,४५,००० जोड्या होत्या; १९८७ मध्ये सुमारे ३६,००० उरल्या. बॅरेंट्स समुद्रातला कॅपेलिन हा मासा त्या काळात जवळजवळ संपला होता आणि साध्या गिलमॉटला त्याच्याऐवजी खाण्यासारखा दुसरा थव्याने फिरणारा मासाही मिळाला नाही. त्याच कड्यांवर राहणाऱ्या ब्रुनिखच्या गिलमॉटला तेवढा फटका बसला नाही, कारण त्याचा आहार अधिक मिश्र असतो. दोन सख्ख्या जाती, एकच कडा, एकच हिवाळा, आणि नशीब वेगळे. दोन्ही जाती शेजारी शेजारी मोजल्या जात होत्या म्हणूनच कारण अन्नातच आहे हे पटवता आले. वसाहत सावरायला पुढची काही दशके लागली.

कूपर बेटावरची कथा इतकी झटक्याची नाही. ती हळूहळू उलगडली, आणि एका टप्प्यावर तिने आपलाच पहिला निष्कर्ष खोडून काढला.

पहिला निष्कर्ष बर्फ वितळण्याच्या तारखेचा होता. पोकळीच्या तोंडाशी बर्फ साचलेला असेतोवर पक्ष्याला आत शिरता येत नाही. आत शिरल्यावर अंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे, उबवायला चार, पिलू वाढायला पाच. म्हणजे साधारण ८० दिवस जमीन बर्फमुक्त राहिली तरच वीण पार पडते. अन्यथा पिले उडण्यापूर्वी नव्या बर्फाने दार बंद होते. बॅरोच्या हवामान केंद्राच्या जुन्या नोंदी तपासल्यावर दिसले की १९६०च्या दशकात एवढा मोठा उन्हाळा क्वचितच मिळे, आणि १९७०च्या दशकापासून तो वरचेवर मिळू लागला. पक्षीही अंडी लवकर घालू लागले होते. डिव्होकीने अंडी पडण्याच्या तारखा लिहिल्या होत्या त्या केवळ विणीचे वेळापत्रक म्हणून. वीस वर्षांच्या तारखा ओळीने मांडल्यावर त्यांतून आर्क्टिकचा उन्हाळा सरकताना दिसला. तेलाच्या भीतीने सुरू झालेले काम अशा रीतीने हवामानबदलाचा पुरावा झाले.

ही पाखरे पिढ्यांगणिक बदलत होती, की तोच पक्षी बर्फ पाहून आपली तारीख मागेपुढे करत होता? एकेका पक्ष्याच्या अनेक वर्षांच्या तारखा हाती असल्याने हा प्रश्नही सोडवता आला. ड्रू सोव्ह, डिव्होकी आणि विकी फ्रिझेन यांनी २०१९ मध्ये दाखवले की बदल मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा होता. बर्फ लवकर वितळला की तोच पक्षी लवकर अंडी घालतो. ही लवचीकता जन्मजात आहे, नव्याने उत्क्रांत झालेली नाही.

इथवर पाहिले तर उबदार उन्हाळा गिलमॉटला फायद्याचा होता. मोजणी १९८९ मध्ये थांबली असती, आणि चौदा-पंधरा वर्षे हा निसर्गाच्या अभ्यासात मोठाच काळ मानला जातो, तर पाठ्यपुस्तकात असे वाक्य गेले असते की तापमानवाढीने उत्तर अलास्कात गिलमॉटची भरभराट झाली. वाक्य त्या काळापुरते खरेही ठरले असते.

पण ज्या उष्णतेने घरट्याचे दार लवकर उघडले, तीच उष्णता समुद्रावरही काम करत होती. १९८९-९० च्या सुमारास आर्क्टिकवरच्या वाऱ्यांचा ढंग बदलला आणि जुना, जाड बर्फ मोठ्या प्रमाणावर अटलांटिककडे वाहून गेला. नंतरच्या दशकांत उन्हाळी बर्फ किनाऱ्यापासून अधिकाधिक दूर सरकत गेला. उपग्रहांची समुद्रबर्फाची अखंड नोंद १९७८च्या अखेरीपासूनची आहे, म्हणजे कूपर बेटाची वही तिच्याहूनही जुनी. २००७ आणि २०१२ या वर्षांत सप्टेंबरमधल्या बर्फाने नीचांक गाठले. २०१२चा सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरचा आकडा उपग्रहांच्या नोंदीतला सर्वांत कमी आहे.

बर्फ दूर गेला की कॉड दूर जातो. आणि पक्षी एका खेपेला एकच मासा आणतो, म्हणून लांबच्या खेपा परवडत नाहीत. दिवसाकाठी होणाऱ्या खेपांची संख्या घटते आणि पिलू अर्धपोटी राहते. आईबाप मग किनाऱ्याजवळ मिळणाऱ्या स्कल्पिनवर भागवतात. स्कल्पिन म्हणजे मोठ्या, हाडकुळ्या, काटेरी डोक्याचा तळाशी राहणारा मासा. त्यात चरबी कमी, आणि लहान पिलाच्या घशात तो अडकतो. १९७५ ते १९८४ या काळात पिलांना भरवलेल्या माशांत ९५ टक्क्यांहून अधिक आर्क्टिक कॉड होता. २००३ ते २०१२ या काळात जवळजवळ दर हंगामात मध्येच कधीतरी कॉड संपून स्कल्पिन सुरू होई. त्याच तुलनेत उपासमारीने पिले मरण्याचे प्रमाण पाचपटीने वाढलेले आढळले आणि जगलेली पिलेही हलकी भरली. दोन पिलांत धाकटे असते ते आधी जाते. आईबाप समोरच येरझाऱ्या घालत असतात, मासे आणतही असतात, आणि तरी रोजच्या वजनात तो छोटा आकडा घसरत जातो. वहीतली ही पाने वाचायला जड जातात.

बर्फ हटल्याचा आणखी एक परिणाम चार पायांवर चालत आला. पहिली पंचवीसेक वर्षे बेटावर ध्रुवीय अस्वल दिसणे ही विरळा घटना होती. २००२ पासून बर्फ विरघळल्यावर अस्वले जमिनीवर अडकू लागली आणि दर उन्हाळ्यात बेटावरून फिरू लागली. लाकडी खोके उलथणे हे त्यांना अवघड नव्हते. अंडी, पिले, कधी बसलेले पक्षीही गेले. तंबूत राहणाऱ्या माणसालाही मग लाकडी खोलीचा आसरा घ्यावा लागला. त्याचबरोबर दक्षिणेकडून येऊ लागलेले शिंगी पफिन घरट्यांच्या पोकळ्यांसाठी भांडू लागले आणि पिलांना मारू लागले. २०११ मध्ये सगळी लाकडी खोकी काढून त्यांच्या जागी भक्कम प्लॅस्टिकच्या, अरुंद तोंडाच्या पेट्या बसवल्या गेल्या. या पेट्या बाजारात ज्या नावाने विकल्या जातात ते नाव नानुक, म्हणजे इनुइट भाषेत ध्रुवीय अस्वल.

पेट्यांनी अस्वलांची लूट जवळजवळ थांबवली. अभ्यासाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट अशी की एक कारण हिशेबातून बाजूला काढता आले. अस्वलांची लूट थांबल्यावरही पिले उपाशी मरत राहिली आणि वसाहत घटत राहिली. मूळ दुखणे अन्नाचे होते, हे आता स्पष्टपणे मांडता येत होते.

बेटावरची नोंद उन्हाळ्याची. वर्षाचे उरलेले नऊ महिने पक्षी कुठे असतात, हे पायातल्या कड्याला बसवलेल्या प्रकाशमापकांनी सांगितले. एक-दोन ग्रॅमचे हे उपकरण उजेडाची वेळ टिपत राहते; सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून ठिकाणाचा अंदाज करता येतो. त्यावरून कळले की हे पक्षी हिवाळ्यात बर्फाच्या कडेने बेरिंग समुद्रात उतरतात. तिथला हिवाळी बर्फही अलीकडे घटला आहे, आणि काही वर्षी वसंतात परतणाऱ्या प्रौढ पक्ष्यांची संख्या एकदम कमी भरली. पिले मरणे ही वसाहत सोसू शकते. प्रौढ मरू लागले की तिचा पायाच खचतो.

पुढे प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात चार दशकांचे सगळे धागे एकत्र आणले गेले: जोड्या, पिले, परतणारे पक्षी, नवागत. त्यातून निघालेली बाब अनपेक्षित होती. वसाहतीची वाढ मुळातच तिच्या स्वतःच्या पिलांपेक्षा बाहेरून येणाऱ्या पक्ष्यांवर अधिक अवलंबून होती. कडे नसलेला पक्षी म्हणजे परका, इतक्या साध्या खुणेवर हे समजले. बर्फ भरपूर होता तेव्हा दूरच्या वसाहतींतले जादा पक्षी इथे येऊन पोकळ्या भरत. बर्फ घटला तसा तो ओघ आटला. कूपर बेटावरची घट म्हणजे केवळ या बेटाची घट नाही, तर जिथून पक्षी येत होते तिथेही काहीतरी कमी झाले आहे, हे त्या बिनकड्याच्या पक्ष्यांच्या अनुपस्थितीने सांगितले.

२०२०च्या दशकाच्या सुरुवातीला वीण करणाऱ्या जोड्या ५० पेक्षा कमी राहिल्या होत्या. पेट्या पुष्कळ रिकाम्या असतात, तरी फेरीत त्यांचीही झाकणे उघडली जातात आणि क्रमांकापुढे रिकामी म्हणून नोंद होते. पूर्वी हिवाळ्यात जोडीदार गमावलेल्या पक्ष्याला नवा जोडीदार लगेच मिळे, कारण काठावर थांबलेल्यांची कमतरता नव्हती. आता तसे थांबलेले कुणी नाही. जोडीतला एक परतला नाही की दुसरा आपल्या जुन्या पेटीजवळ येतो, तिच्यावर बसून राहतो, आणि अंडे पडत नाही. जोड्यांच्या रकान्यात तो धरला जात नाही. परतलेल्यांच्या रकान्यात त्याच्या कड्याचे रंग लिहिले जातात.